वाचक विचारतात: या कामाला कोणती भाषा घेऊ?

‘अमुक भाषा चांगली की तमुक?’ एवढंच विचारणारी पत्रं या वेळीही बरीच आली. ती बाजूला ठेवून ज्यांनी आपलं काम नीट लिहून पाठवलं, त्यांना इथे उत्तरं दिली आहेत. नुसतं भाषेचं नाव ऐकून मला फारसं काही सांगता येत नाही. प्रोग्राम कुठे चालणार, चुकला तर काय बिघडणार आणि लिहिणारा निघून गेल्यावर तो कोण सांभाळणार, हे कळलं की मात्र बरंच सांगता येतं.

प्रश्न: ताई, मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. जमिनीतला ओलावा आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सुमारे दहा लाख नोंदी पायथनमध्ये एकत्र करते. प्रोग्राम रात्रभर चालतो. प्रयोगशाळेतला मित्र म्हणतो, पायथन हळूच असते, सगळं रस्टमध्ये लिही. प्रबंध द्यायला तीन महिने उरलेत. रस्ट शिकू का? कोड सोबत पाठवलाय. आणि पुढच्या सांख्यिकी विश्लेषणासाठी पायथनच ठेवू की आर घेऊ?

उत्तर: आत्ता रस्ट नको. तुमचा कोड मी बसून वाचला आणि रात्र कुठे जाते ते सापडलं. प्रत्येक नोंद आली की ‘ही आधी येऊन गेली का?’ हे तुम्ही एका लिस्टमध्ये शोधता. लिस्टमध्ये शोधणं म्हणजे पहिल्या घरापासून एकेक वस्तू तपासत जाणं. लिस्ट वाढत वाढत दहा लाखांवर गेली की सगळ्या मिळून सुमारे ५० हजार कोटी तुलना होतात. हेच रस्टमध्ये लिहिलंत तरी तुलना तेवढ्याच राहतील. प्रत्येक तुलना लवकर उरकेल हे खरं, पण पुढच्या वर्षी नोंदी दुप्पट झाल्या की वेळ पुन्हा चौपट होईल. लिस्टच्या जागी सेट वापरा. सेटमध्ये शोधायला किती वस्तू आत आहेत याच्याशी फारसा संबंध राहत नाही. बदल दोन ओळींचा आहे.

दुसरी जागा पांडाज या टेबलं हाताळणाऱ्या लायब्ररीच्या टेबलातली. तुम्ही ‘आयटररोज’ने एकेक ओळ उचलून हिशेब करता. त्याऐवजी पूर्ण स्तंभावर एकदम क्रिया करा. पायथनचा स्वतःचा लूप मंद असतो, यात तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे. पण नमपाय या गणिताच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेवर, म्हणजे आकड्यांच्या रांगेवर, क्रिया सांगितली की आतला लूप सीमध्ये लिहिलेला असतो आणि तोच चालतो. वैज्ञानिक कामात पायथन टिकली ती याच जोरावर.

हे दोन बदल करून मग मोजा. पायथनबरोबरच येणारा ‘सीप्रोफाइल’ कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते दाखवतो. मोजल्याशिवाय भाषा बदलू नये याबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. समजा प्रोग्रामला दहा तास लागतात, त्यातले तीन गणितात जातात आणि सात फायली वाचण्यात. गणिताचा वेळ शून्यावर आणलात तरी सात तास उरतातच. जीन अ‍ॅमडाल यांनी हा विचार १९६७ साली समांतर संगणकांबद्दल मांडला होता. तो इथेही तसाच लागू पडतो. एवढं करूनही एखादा लूप अडून बसला तर नम्बा ही लायब्ररी वापरून पाहा. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की ते यंत्रभाषेत कंपाइल होतं. रस्ट जरूर शिका, ती सुंदर भाषा आहे, पण प्रबंध दिल्यावर.

आता आर. एकाच भूखंडातल्या अनेक झाडांच्या आणि एकाच झाडावरच्या वारंवार घेतलेल्या नोंदी, म्हणजे मिश्र परिणामांची मॉडेलं तुम्हाला लागणार. इथे मी न कचरता आर सुचवेन. ती ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी सुरू केली, आणि ‘एलएमई४’सारखी पॅकेजं तुमच्यासारख्याच कामांसाठी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झाली आहेत. नोंदी स्वच्छ करायला पायथन आणि मॉडेलं बसवायला आर, असं एका प्रबंधात खुशाल चालतं. दोघांमध्ये डेटा नेताना सीएसव्हीऐवजी पार्के फाइल वापरा. तारखा तारखाच राहतात आणि आकडे आकडेच.

प्रश्न: मी एका संस्थेचे हिशेब सांभाळतो. बेरजा करणारं छोटं वेबपान जावास्क्रिप्टमध्ये बनवलं आहे. बेरीज कधी कधी शेवटच्या दशांशात चुकते. भाषा बदलावी लागेल का?

उत्तर: पान ब्राउझरमध्ये चालतं, तेव्हा जावास्क्रिप्ट सुटणार नाही आणि सोडायची गरजही नाही. संख्येचा प्रकार बदला. जावास्क्रिप्टची साधी संख्या ६४ बिटांच्या द्विमान पद्धतीत साठवली जाते आणि त्या पद्धतीत ०.१ नेमकेपणानं लिहिताच येत नाही. म्हणून ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ दिसतं. पायथनच्या ‘फ्लोट’मध्ये आणि जावाच्या ‘डबल’मध्येही हेच होतं.

रक्कम सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून ठेवा आणि दशांशचिन्ह फक्त पडद्यावर दाखवताना लावा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक राहतात. तुमच्या हिशेबाला ते पुरून उरतील. डेटाबेसमध्ये स्तंभ ‘न्यूमरिक’ प्रकारचा घ्या. पुढे कधी हे काम सर्व्हरवर नेलंत तर पायथनमध्ये ‘डेसिमल’, जावामध्ये ‘बिगडेसिमल’ आणि सी शार्पमध्ये भाषेतच असलेला ‘डेसिमल’ मिळेल. बिगडेसिमलला रक्कम अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या. डबल दिलात तर त्यातली चूकही सोबत आत जाते.

मी बरीच वर्षं पगारपत्रकांच्या एका जुन्या प्रणालीवर काम केलं. ती कोबोलमध्ये होती. तिथे रक्कम जाहीर करतानाच ‘पिक ९(७)व्ही९९’ असं लिहायचं, म्हणजे सात पूर्ण अंक आणि दोन दशांश. दशांश किती हे भाषा आधीच विचारून घेते, आणि या एका गोष्टीसाठी मला त्या भाषेबद्दल आजही मनापासून आदर आहे. ज्यांनी ती प्रणाली लिहिली ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण प्रत्येक ‘राउंडेड’च्या वर त्यांनी पूर्णांकन कोणत्या नियमानं आणि का केलं ते लिहून ठेवलं होतं. तुम्हीही लिहा. पायथन ३ मध्ये २.५ पूर्णांकात आणलं की २ येतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या ती जवळच्या सम अंकाकडे नेते. जावास्क्रिप्टचं ‘मॅथ डॉट राउंड’ ३ देतं. दोन्ही भाषा आपापल्या नियमानं बरोबर आहेत. नियम लिहिलेला नसेल तर उद्या भाषा बदलणाऱ्याला हा फरक शोधायला कितीतरी दिवस लागतील.

प्रश्न: एसक्यूएल ही खरी प्रोग्रामिंग भाषा आहे का? मी सगळ्या ओळी जावामध्ये ओढून घेतो आणि तिथेच बेरजा, गट, क्रमवारी करतो. सहकारी म्हणते, हे चूक आहे.

उत्तर: सहकारीचं ऐका. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधारित डेटाची कल्पना मांडली आणि १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तिच्यावर ही भाषा उभी केली. काय हवं ते तुम्ही सांगायचं आणि ते कसं आणायचं, कोणता इंडेक्स वापरायचा, कोणतं टेबल आधी वाचायचं हे डेटाबेसनं ठरवायचं, अशी तिची रीत आहे. तुम्ही लाखो ओळी नेटवर्कवरून ओढता आणि जे काम ‘ग्रुप बाय’ डेटाच्या शेजारी बसून करतं, ते दूर नेऊन हातानं करता. इतकी वापरली जाणारी आणि इतकी कमी शिकली जाणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. तुम्ही पुढे कुठलीही भाषा निवडा, ही सोबत लागणारच आहे.

प्रश्न: आम्ही चौघं मिळून पाणी मोजणाऱ्या मीटरची प्रणाली बांधतोय. १० हजार मीटर दर मिनिटाला एक नोंद पाठवतील. चौघांनाही जावा येते. एकाला सर्व्हर गोमध्ये हवाय, दुसऱ्याला रस्टमध्ये. वाद थांबत नाही. मीटरच्या आतली चिप लहान आहे, ६४ किलोबाइट रॅमची. तिच्यासाठीही भाषा ठरवायची आहे.

उत्तर: या पत्रात दोन वेगळी कामं आहेत आणि माझ्या मते त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

सर्व्हरचं आधी. १० हजार नोंदी भागिले ६० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ नोंदी. एवढा भार गो, रस्ट, जावा, कोणीही सहज पेलेल, पायथनही पेलेल. मग वेगावर वाद कशाला? चौघांना जावा येते, जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या हलक्या कामांची सोय, आल्यापासून हजारो जोडण्या एकाच वेळी सांभाळणंही सोपं झालंय. जावा घ्या. मध्यरात्री नोंदी येणं थांबलं तर चौघांपैकी जो जागा असेल त्याला कोड वाचता आला पाहिजे, हे माझ्या दृष्टीनं इथलं सर्वांत वजनदार कारण आहे. वेळ बिनचूक साठवणं, मीटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की तीच नोंद दोनदा मोजली न जाणं, याकडे तुमची बुद्धी खर्च होऊ द्या.

तुमच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या गोष्टी खोट्या नाहीत, हेही सांगते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपनं २०२० मध्ये आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली. कोणी कोणता संदेश वाचला याची नोंद ती ठेवत असे. मेमरीत लाखो नोंदींचा साठा असे, आणि गोचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग, दर दोन मिनिटांनी तो सगळा चाळायला लागला की प्रतिसाद अडखळे. रस्टमध्ये गार्बेज कलेक्टर नाही, त्यामुळे ते अडखळणं गेलं. त्यांची अडचण मोजलेली होती आणि तिचं कारण भाषेच्या रचनेतच होतं. तुमच्याकडे तशी अडचण आहे का, हे वाद घालण्याआधी एकमेकांना विचारा.

याच्या उलट दिशेचं एक उदाहरण मला फार आवडतं. टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड दिलेली मायक्रोसॉफ्टची भाषा. तिचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचं रूपांतर करणारा प्रोग्राम, टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. मोठ्या प्रकल्पांना तो हळू पडू लागला, तेव्हा मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं. त्या कामाच्या प्रमुखांपैकी अँडर्स हायल्सबर्ग यांनी सी शार्पही घडवली आहे, तरी त्यांनी सी शार्प घेतली नाही. रस्टही घेतली नाही. कंपायलरच्या आत झाडासारख्या रचना असतात, त्यात फांदीला खोड माहीत असतं आणि खोडाला फांदी. मालकी कोणाची हे रस्टला आधी ठरवून हवं असतं, म्हणून अशा उलटसुलट दुव्यांसाठी सगळी मांडणी नव्यानं करावी लागली असती. त्यांना मात्र जुना कोड जवळजवळ फंक्शनला फंक्शन उतरवायचा होता, म्हणजे वागणूक बदलणार नाही. गोमध्ये गार्बेज कलेक्टर आहे, यंत्रभाषेत कंपाइल होण्याची सोय आहे आणि अनेक कोअर एकत्र वापरता येतात. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकाचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागत, ते ७.५ वर आले. स्वतः घडवलेल्या दोन भाषा समोर असताना माणूस तिसरी निवडतो आणि त्याची कारणं एकेक करून मांडतो. तुमचा वाद अशा पातळीवर आला तर मला आनंद होईल.

आता मीटर. ६४ किलोबाइटमध्ये नेहमीची जावा किंवा गो बसणार नाही. इथे निवड सी आणि रस्टमध्ये. पहिल्यांदा चिप बनवणाऱ्यानं काय दिलंय ते पाहा: रेडिओ, झोपेची अवस्था, फ्लॅश मेमरी यांच्या लायब्ऱ्या बहुधा सीमध्येच मिळतात. त्या चिपसाठी रस्टचे चांगले ड्रायव्हर असतील तर रस्ट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मीटर एकदा बसवला की वर्षानुवर्षं कोणी हात लावणार नाही, आणि बाहेरून आलेले बाइट वाचताना अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर गेलं तर सी गप्प बसते. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षा-त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या अशाच चुकांमुळे असतात. लिनक्सच्या कर्नलनंही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा दिली. ड्रायव्हर नसतील तर सीच घ्या, पण बाहेरून आलेला संदेश उलगडणारा भाग वेगळा ठेवा आणि त्याच्यावर मुद्दाम मोडकेतोडके बाइट सोडून चाचणी करा.

रस्ट घेतली म्हणून सगळं सुरक्षित झालं असं मात्र धरू नका. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. त्यातलं सॉफ्टवेअर एडा या भाषेत होतं, आणि एडा तर सुरक्षिततेसाठीच नावाजलेली. ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. तो कोड एरियान ४ साठी लिहिलेला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त होता आणि आकडा हद्दीबाहेर जाईल हे कोणी तपासलंच नव्हतं.

प्रश्न: मॅडम, मी सतरा वर्षांचा आहे. ब्राउझरमध्ये मराठी शब्दांचा खेळ बनवतोय. शब्दातली अक्षरं मोजायला गेलो की आकडा चुकतो आणि शब्द उलटा केला की मात्रा सुटी पडते. मराठीसाठी चांगली भाषा कोणती?

उत्तर: तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. ‘नमस्ते’ घे. वाचणाऱ्याला अक्षरं तीन: न, म, स्ते. पायथन आणि जावास्क्रिप्ट सहा सांगतात, कारण हलन्त आणि मात्रा त्या वेगळ्या मोजतात. गो आणि रस्टमध्ये लांबी विचारलीस तर अठरा येतात, कारण त्या बाइट मोजतात. स्विफ्ट आणि एलिक्झर या भाषा मुळातच दिसणाऱ्या अक्षरसमूहांनी मोजतात. पण तुझा खेळ ब्राउझरमध्ये आहे, तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच राहा आणि तिच्यातली मजकुराचे तुकडे पाडणारी ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय वापर. त्यात विभागणी ‘ग्राफीम’, म्हणजे दिसणारा अक्षरसमूह, अशी ठेव. एक मात्र तपास: देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुन्या ब्राउझरमध्ये ‘स्ते’चे दोन तुकडे होतील.

आणखी एक गोष्ट तुला नक्की आडवी येईल. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी ऱ आणि हलन्त वापरतं, कोणी साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. ‘नॉर्मलाइझ’नंही ते एक होत नाहीत. शब्द साठवण्याआधी त्यातलं एक रूप ठरव आणि दुसरं त्यात बदलून घे.

प्रश्न: हजारो स्कॅन केलेल्या फायलींची नावं बदलायची आहेत. बॅश की पायथन?

उत्तर: नावात ठरावीक शब्द बदलायचा एवढंच असेल तर बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञांच्या, चार ओळी पुरतील, व्हेरिएबल अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर नावातली मोकळी जागा घात करते. तारीख वाचून क्रमांक लावायचे, दोन फायलींना एकच नाव आलं तर काय करायचं, असं सुरू झालं की पायथन. गूगलच्या शेल लेखनाच्या नियमांत १०० ओळींपुढे गेलेली स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत लिहा असं म्हटलंय. मी त्याच्या पुष्कळ आधीच थांबते. कोणतीही भाषा घ्या, पहिल्यांदा नुसती जुनी-नवी नावं छापून पाहा.

प्रश्न: मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे. आमच्या गटाचा प्रवाहांच्या गणिताचा कोड फोरट्रानमध्ये आहे, काही भाग माझ्या गुरूंच्या हातचा. विद्यार्थी म्हणतात, ही मेलेली भाषा, सगळं पायथनमध्ये किंवा जूलियामध्ये लिहू. उत्तरं बरोबर येतात. मी काय करावं?

उत्तर: सर, कोड ठेवा. फोरट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं आणली आणि तिचं ताजं मानक २०२३ चं आहे. तुमचे विद्यार्थी पायथनमध्ये समीकरणं सोडवतात तेव्हा त्याखाली जी लापॅक लायब्ररी काम करते, ती मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेली आहे. अ‍ॅरेचं गणित हे तिचं घरचं काम. नवा प्रकल्प शून्यातून सुरू होत असता तर मी जूलियाचा विचार करा म्हटलं असतं. ती २०१२ मध्ये आली तीच अशा कामांसाठी. पण बरोबर उत्तरं देणारा, वर्षानुवर्षं तपासला गेलेला कोड ही तुमच्या गटाची मिळकत आहे आणि ती सहजासहजी टाकू नये.

विद्यार्थ्यांची तक्रारही मला खरी वाटते. इनपुट फायली, आलेख, निकालांची तुलना हे सगळं फोरट्रानमध्ये करणं कष्टाचं आहे. तेवढं पायथनमध्ये न्या. नमपायबरोबर ‘एफ२पाय’ येतं. त्यातून फोरट्रानची फंक्शनं पायथनमधून हाक मारल्यासारखी वापरता येतात. अ‍ॅरे देताना क्रम सांभाळा: फोरट्रान स्तंभामागून स्तंभ साठवते, नमपाय एरवी ओळीमागून ओळ. क्रम जुळला नाही तर प्रत्येक वेळी पूर्ण अ‍ॅरेची नक्कल होते आणि वेग का गेला ते कळत नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी, तुमच्या गुरूंच्या कोडला हात लावण्याआधी, चार-पाच ठरावीक समस्या त्यावर चालवून निकाल जपून ठेवा. बदलानंतरची उत्तरं त्यांच्याशी ताडून पाहा. शेवटचे काही अंक वेगळे येतील, कारण बेरजेचा क्रम किंवा कंपायलर बदलला की तेवढा फरक पडतोच. किती फरक चालेल हा आकडा भौतिकशास्त्र जाणणाऱ्यानंच ठरवायचा असतो, म्हणून तो तुम्ही स्वतः लिहून विद्यार्थ्यांच्या हाती द्या.